दुसऱ्यांदा विचारायचं नाही

श्रुतिकाने वेबसाइटवरचं ते पान गावच्या मंडळासाठी बनवलं, आणि बनवताना तिला मनापासून मजा आली होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्या मजेची आठवणसुद्धा तिला सहन होईना.

भांडुपला टेकडीच्या अंगाला जुन्या चाळी पाडून ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत ती, तिचा नवरा हर्षद आणि सासरे सहदेव असे तिघे राहत. सहदेवांना ती अण्णा म्हणायची. अण्णा गिरणीतून सुटले त्याला जमाना लोटला होता, पण गावच्या देवळाशी त्यांची गाठ सुटली नव्हती. त्यांचे वडील त्या देवळात कौल लावायचे. पाषाण पाण्याने भिजवायचा, त्याच्या उजव्या नि डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, देवाला प्रश्न घालायचा आणि वाट बघत उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मुंबईत राहणारी गावची माणसं अजूनही लग्न ठरवायचं असलं, घर बदलायचं असलं, की आधी गावाला फोन करून कौल लावून घेत.

श्रुतिका मुलुंडच्या एका ऑफिसात डेटा एंट्री करायची. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती. रडत बसण्यापेक्षा ती व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट शिकली. ब्राउझरमधल्या पानाला वागायचं कसं हे सांगणारी ती भाषा. त्यातलं तिला सगळ्यात आधी कळलं आणि सगळ्यात जास्त आवडलं ते इफ आणि एल्स. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. इतकं सरळ तिच्याशी आयुष्यात कोणी बोललं नव्हतं.

हर्षद चिडवायचा. "श्रुते, आता आमचा संसार पण इफ-एल्सवर चालव. जर नवऱ्याने कोथिंबीर आणली तर चहा, नाहीतर नुसतं पाणी."

"नाहीतर पाणी पण नाही," ती म्हणायची.

हर्षद असा होता. आपण काही विचारायच्या आत त्याचं उत्तर तयार. रिक्षावाला, भाजीवाली, वॉचमन, सगळ्यांशी बडबड. घरात तो आला की आधी आवाज यायचा आणि मग माणूस.

मंडळाचे सेक्रेटरी मार्तंड नाहूरला राहत. यंदाच्या जत्रेसाठी मंडळाची वेबसाइट काढायची टूम त्यांचीच. "श्रुतिका, त्यात ऑनलाइन कौल टाक गं," ते म्हणाले. "गंमत म्हणून. पोरंटोरं खेळतील. एकदम झकास होईल."

ते अगदी साधं काम होतं. देवळातल्या पाषाणाचा फोटो, त्यावर दोन पांढऱ्या पाकळ्या, खाली प्रश्न लिहायची चौकट आणि एक बटण. बटण दाबलं की संगणक मनाशी एक आकडा धरणार. आकडा लहान निघाला तर उजवी पाकळी घरंगळेल आणि अक्षरं उमटतील, 'उजवा कौल. होय.' मोठा निघाला तर डावी पडेल, 'डावा कौल. नाही.'

तिने ते अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"आणि देव गप रवलो तर?"

"म्हणजे?"

"कधी कधी एक पण पाकळी पडना नाय. तिष्टत रवतत, दोनय चिकटून. ता पण घालूक होया मां तुझ्या इफात."

मग तिने लहान आणि मोठ्या आकड्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी ठेवली. आकडा त्या पट्टीत सापडला तर एकही पाकळी पडणार नाही. "मग काय करायचं, अण्णा? परत विचारायचं?"

"नाय गो!" अण्णा एकदम म्हणाले. मग आपल्याच आवाजाला दचकल्यासारखे हसले. "परत विचारूचा नाय. हात जोडूचे आणि घराक येवचा. देव गप असताना दुसऱ्यांदा विचारलंस तर दुसराच कोण तरी उत्तर देता. माझो बापूस सांगायचो. कित्या, ता माका म्हायत नाय."

तिने तसंच केलं. दोन्ही अटी खोट्या ठरल्या तर पान काहीच करणार नाही. पण मार्तंडांना ते पटेना. त्यांनी बटण दाबलं, पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत, आणि त्यांचा लगेच फोन आला. "अगं, हँग झालीय ही. लोकांना काही तरी उत्तर नको? गप्प बसलेला देव कोणाला पाहिजे?"

त्यांच्या म्हणण्यात तसं चूक काही नव्हतं. श्रुतिकाने खाली आणखी एक एल्स जोडला. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. नाहीतर, पुन्हा विचार. उत्तर येईपर्यंत पान आपलं आपणच विचारत राहील, बघणाऱ्याला कळणारही नाही. अण्णांना तिने हे सांगितलं नाही. खेळण्यातलं तर होतं.

जत्रा आठवड्यावर आलेली असताना हर्षद ऑफिसच्या जिन्यात कोसळला. मेंदूत रक्तस्राव.

मुलुंडच्या इस्पितळात तो डोळे मिटून पडला होता. नळ्या, पट्ट्या, आणि त्याच्या जागी श्वास घेणारं एक यंत्र. डॉक्टर चांगले होते. खोटी आशा दाखवत नव्हते. "आपल्या हातातलं सगळं करून झालंय," ते म्हणाले. "आता वाट बघायची." आणि ते म्हणताना त्यांनी अण्णांकडे पाहिलं, श्रुतिकाकडे पाहिलं नाही.

दुपार होती. भेटायला येणाऱ्यांची वेळ संपून गेली होती, पण नर्सने तिला बसू दिलं होतं. अण्णा खाली चहाला गेले होते. बाहेर लख्ख ऊन, आत पडद्यांतून गाळून आलेला पिवळट उजेड. यंत्राचा सुस्कारा सोडला तर कसलाही आवाज नाही. तिने वेळ घालवायला फोन उघडला आणि अंगठा आपसूक त्या पानावर गेला.

तिला ठाऊक होतं आत काय आहे ते. ओळ न् ओळ तिनेच लिहिली होती. तिथे देव नव्हता, एक आकडा होता. तरीही तिने लिहिलं, 'हर्षद घरी येईल का?' आणि बटण दाबलं.

पाकळ्या हलल्या नाहीत.

ती वाट बघत राहिली. आता आतल्या आत पुन्हा विचारलं जात असेल. दुसऱ्या खेपेला उत्तर येईलच, ती मधली पट्टी इतकी अरुंद होती. पाकळ्या किंचित थरथरल्या आणि तशाच राहिल्या. पुन्हा थरथरल्या. पुन्हा. आकडा दर वेळी त्याच चिमूटभर जागेत पडत होता. असं होत नाही, होऊच शकत नाही, हे तिला हिशोबाने कळत होतं. बंद करावं म्हणून तिने अंगठा उचलला, आणि मग फोनवरच्या फोटोतला पाषाण ओला दिसायला लागला.

तो फोटो कोरड्या दगडाचा होता. तिनेच निवडला होता.

वॉर्डातला फिनेलचा वास हळूहळू मागे सरला आणि त्याजागी गाभाऱ्यातला वास आला. ओला दगड, शिळी फुलं, खूप दिवस न बदललेलं समईतलं तेल. आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. खाली अक्षरं उमटली.

'येतो.'

'होय' आणि 'नाही' सोडून तिसरं उत्तर तिने त्या पानात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पलंगावर हर्षदने डोळे उघडले.

पुढचे दिवस सगळे म्हणत होते, चमत्कार झाला. डॉक्टर त्याच्या तपासण्या पुन्हा पुन्हा बघत होते. डिस्चार्जच्या दिवशी ते त्याच्याशी बोलले. "काय हर्षद, बरं वाटतंय?" तो गप्प. "बरं वाटतंय ना?" "वाटतं," तो म्हणाला. डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. आजारी माणसाला सगळेच दोनदा विचारतात.

हर्षद घरी आल्यावर मार्तंड पेढे घेऊन आले. "काय रे, ओळखलंस का मला?" हर्षद भिंतीकडे बघत होता. "अरे, ओळखलंस की नाही?"

"ओळखलं."

"बघ! मला म्हणाले मेंदूवर परिणाम होईल. कसला परिणाम? नुसता बडबड्या होता, जरा माणसात आलाय." मार्तंड आपल्याच विनोदावर हसले, आणि हसता हसता नाक आक्रसून म्हणाले, "श्रुतिका, घरात ओल धरलीय का गं कुठे? वास येतोय."

ओल कुठेच धरली नव्हती. पण हर्षदचा हात हातात घेतला की तळवा भिजलेला असायचा. घाम नव्हे. थंड, स्वच्छ पाणी, नुकतंच कोणी शिंपडल्यासारखं. ती पुसायची, आणि पुसून होईतो तो परत भिजायचा. दिवसभर तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून असे. टीव्ही लावला तर टीव्हीकडे नाही, खिडकी उघडली तर खिडकीकडे नाही. समोर कोणीतरी येऊन उभं राहायचं आहे आणि काही विचारायचं आहे, अशा आविर्भावात बसलेला.

श्रुतिकाने मनाची समजूत घालून ठेवली होती. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलाय, वेळ लागणारच. ती त्याला जेवू घालायची, अंग पुसून द्यायची, जुन्या गोष्टी काढायची. तो तिला श्रुते म्हणत नव्हता. कसलीच हाक मारत नव्हता.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "हर्षद, चहा टाकू?" उत्तर नाही. "अरे, टाकू का चहा?"

"टाक."

तिच्याजवळ लसूण सोलत बसलेल्या अण्णांचा हात थांबला. त्यांनी उठून दार हळूच लोटलं.

"श्रुतिका, मी बरेच दिवस बघतंय. पयल्या खेपेक तो बोलना नाय. कधीच नाय. तू दुसऱ्यांदा विचारतस तेव्हाच बोलता."

"ऐकू कमी येत असेल, अण्णा."

"ऐकूक येता. मी तेका रोज एकदाच विचारतंय, झिला, बरा मां? आणि वाट बघतंय. तो माझ्याकडे बघता. मी परत कधी विचारतंय त्याची तो पण वाट बघता." अण्णांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "माझो झिल असो नाय, गो. तेका विचारूची गरजच पडायची नाय."

तेव्हा तिने सांगितलं. वॉर्डातली दुपार, पाकळ्या, तो शब्द. आणि मार्तंडांच्या सांगण्यावरून जोडलेला तो एल्स.

"मगे तू कितीदा विचारलंस?"

"मी एकदाच. पान विचारत राहिलं... आपोआप."

"आणि थांबूक खय सांगलंस?"

थांबायला तिने कुठेच सांगितलं नव्हतं.

अण्णा दुसऱ्याच दिवशी गावाला गेले. जाताना हर्षदच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झाले, हात वरच्या वर राहिला आणि त्यांनी तो आपल्याच छातीशी नेला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मागे देवळातली घंटा ऐकू येत होती.

"कौल लावलो. झिल आमचो आसा काय नाय, विचारलो."

"मग?"

"देव गप."

"अण्णा..."

"मी परत विचारूक नाय." मागे पुन्हा घंटा वाजली. "मी हयच रवतंय, श्रुतिका. माका तकडे येवचा धाडस नाय. तुका ये म्हणान सांगलंय असतंय. पण तू इलंस तर तो पण येतलो."

फोन ठेवल्यावर ती तशीच संगणकाशी बसली. तिच्या हातात जेवढं होतं तेवढं तिने केलं. तो शेवटचा एल्स खोडला. जर उजवी, तर होय. जर डावी, तर नाही. त्यापुढे काही नाही, कोरी जागा. सेव्ह केलं आणि ती बाहेरच्या खोलीत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. भर दुपारचं ऊन त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. पायांखालची फरशी ओली होती.

"हर्षद, तूच आहेस ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे हर्षदचेच. डाव्या भुवईवरची खूण तीच. तिच्या ओठांवर तो प्रश्न पुन्हा आला. सवयीने, मायेने, आणि एकदा तरी त्याने हो म्हणावं या भुकेने. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि आत पळाली.

त्या दिवसापासून तिने त्याला दुसऱ्यांदा काही विचारलं नाही. तोही बोलला नाही. पुढे केलेलं ताट तसंच राहायचं, आणि तरी तो वाळत नव्हता. शेजारीपाजारी भेटायला यायचे त्यांना ती दारातूनच परतवायची, झोपलाय म्हणायची. माणसं दोनदा विचारतात, तिला आता कळलं होतं. हो ना, म्हणतात. खरंच ना, म्हणतात. एका उत्तरावर कोणाचं भागत नाही. आणि गप्प बसलेल्याला गप्प बसू देणं तर कोणालाच जमत नाही.

शेवटी तिने ते पानच काढून टाकलं. सर्व्हरवरून, संगणकावरून, फोनमधून. पाषाणाचा फोटोही पुसला. काही बदलेल अशी आशा तिला उरली नव्हती. फक्त आणखी कोणा बाईच्या फोनमध्ये तो दगड ओला होऊ नये, एवढंच.

ती भांडी घासत होती तेव्हा फोन वाजला. मार्तंड खुशीत होते.

"श्रुतिका, मानलं हां तुला. कौलाचं पान काय धावतंय! सगळे तेच करतायत."

"काका, ते मी काढलं. कालच काढलं."

"काढलंस? चेष्टा करू नको. अगं, मी आत्ता विचारलं. बायको माहेरी गेलीय ना रुसून, म्हटलं घरी येईल का. आधी जरा अडकलं. मग उत्तर आलं, येतो."

नळ चालू होता. पाणी भांड्यातून वाहून जात होतं.

"येते म्हणायला पाहिजे ना पण?" मार्तंड हसत होते. "तेवढं जरा दुरुस्त कर."

"काका, दार..." ती म्हणाली. "दार उघडू नका. कोणी आलं तर काही विचारू नका..."

"आता कोण आलं? थांब हं, बेल वाजतेय," मार्तंड म्हणाले आणि फोन बंद झाला. तिने परत लावला. लागला नाही.

तिने नळ बंद केला. घर एकदम शांत झालं. त्या शांततेत बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ओल्या पावलांचा. पावलं मधल्या दारापाशी थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ओल्या दगडाचा वास इतका दाट झाला की गाभाऱ्यात कोंडल्यासारखं वाटलं.

"श्रुतिका," हर्षदचा आवाज म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा आपणहून बोलला होता. "तूच आहेस ना?"

ती गप्प राहिली. बोलायचं नाही. आपण बोललो नाही तर काही होणार नाही. आजवर ती याच एका गोष्टीला धरून जगत आली होती. ओट्याची कड घट्ट धरून ती उभी राहिली.

मग तिच्या लक्षात आलं, की या वेळी गप्प राहिलेली ती होती.

हो म्हणायला हवं. त्याने परत विचारायच्या आत, लगेच, आता. तिने सगळा जीव गोळा केला. पण जीभ टाळूला चिकटली होती, भिजलेल्या दगडाला पाकळी चिकटावी तशी.

"श्रुतिका, तूच आहेस ना?"

"हो. येते," कोणीतरी म्हणालं.

आवाज श्रुतिकाचाच होता. तिचे ओठ मिटलेले होते.